विकायच्या बोटीवरची कॉफी

कालिम्नोस बेटावर जुनी लाकडी बोट घ्यायची असेल तर आधी सकेलारिसला बोलवा, असं सगळे सांगत. जेवायला मात्र त्याला कुणी बोलवत नसे. बोटीचा सर्व्हे, म्हणजे विक्रीआधीची तपासणी, करणाऱ्याचं नशीबच तसं. त्याची फी घेणाऱ्याला जड जाते आणि निकाल विकणाऱ्याला. त्यात त्याची एक तऱ्हा होती. जी बोट विकायला काढली असेल, तिच्या मालकाची कॉफी तो घेत नसे. आमच्याकडे कॉफी नाकारणं म्हणजे दारात उभं राहून अपमान करणं.

पण त्याला कारण होतं. तरुणपणी एका घरी कॉफी झाली, वर चेरीचा मुरंबा झाला, आणि ‘कुजलेलं’ऐवजी त्याच्या हातून ‘जरा मऊ’ असं लिहिलं गेलं. ती बोट पहिल्याच वादळात तळाला गेली. माणसं वाचली ती खलाशांच्या संत निकोलाची कृपा. भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे ती जीवावरच उठली होती. तेव्हापासून कॉफी बंद.

आणि मग मिकेसने बोट विकायला काढली. मिकेस म्हणजे सकेलारिसचा कुम्बारोस. त्याच्या मुलीला, सेवास्तीला, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून सकेलारिसनेच छातीशी घेतलं होतं. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावापेक्षा घट्ट. बोटीचं नावही मिकेसने ‘सेवास्ती’च ठेवलं होतं. आता गुडघे गेले होते, मुलगी सासरी होती, हाताशी मुलगा नव्हता. बोटीच्या पैशावरच नवराबायकोचं म्हातारपण निघायचं होतं. गिऱ्हाईक होता पोथितोस, नुकतं लग्न झालेला पोरगा. तो म्हणाला, “सकेलारिसकाका हो म्हणाले की मी डोळे मिटून घेतो.”

सकेलारिसने दुसऱ्या बेटावरचा माणूस सुचवून पाहिला. मिकेस हसला. “परका कशाला? तू आहेस ना घरचा!”

बोट किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. निळा रंग इतका ताजा की हात लावावा तर चिकटेल. मिकेसची बायको थेमेलिना ट्रे घेऊन आली.

“घ्या हो. पाहुण्यासारखे काय उभे राहिलात?”

“काम झाल्यावर.”

“काम झाल्यावर तरी कुठे घेतोस तू!” मिकेस म्हणाला.

सकेलारिस हातोडी मारत, कान देत पुढे सरकत गेला. चांगलं लाकूड ठणठणीत बोलतं. तळाच्या कण्यापाशी आल्यावर ते बोलेनासं झालं. त्याने चाकू टेकवला. तो मुठीपर्यंत आपोआप आत गेला. वरून कीर्तन आणि आतून तमाशा. त्या क्षणी त्याला आपल्याच कानांचा संताप आला.

“एकच फळी असेल,” मिकेस हळूच म्हणाला.

“कणाच गेलाय, कुम्बारे.”

मिकेसने बायको लांब जाईपर्यंत वाट पाहिली. “जरा मऊ आहे म्हण. एकदा परक्यासाठी म्हणालास, आता माझ्यासाठी म्हण.”

“त्या पोराला यात बसून समुद्रावर जायचंय.”

“आणि आम्हाला कशात बसून मरायचंय?”

सकेलारिसने चाकू पुसून खिशात ठेवला. संध्याकाळी त्याने पोथितोसला सांगितलं, घेऊ नकोस. थेमेलिनाने थंड झालेली कॉफी सकेलारिसच्या देखत दगडांवर ओतली.

मिकेसने बोटीच्या तळाला पत्रा ठोकला, डांबर फासलं आणि तो स्वतःच तिच्यातून मासेमारीला जाऊ लागला. रागाने जात होता म्हणावं तर पोटही होतंच. सकेलारिस रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभा राही. ‘सेवास्ती’ दिसली की घरी येई. मिकेस त्याच्याकडे बघतही नसे. “खरं बोलून काय मिळवलंस?” सकेलारिसची बायको विचारी. सर्व्हेचा फायदा झाला तो पोथितोसला, आणि तो दुसरी बोट घेऊन मोकळा झाला होता. किंमत इथे चुकती होत होती.

एकदा दक्षिणेचा वारा सुटला. इतर बोटी कधीच परतल्या होत्या. अंधार पडता पडता ‘सेवास्ती’ आली, पाण्यात खूप खाली बसलेली. मिकेसने दोर फेकला. धक्क्यावर झेलायला दुसरं कुणी नव्हतं. सकेलारिसने तो झेलून बांधला.

मिकेस उतरला नाही. “पाणी येतंय,” तो म्हणाला. “पंप मारायला गेलो की सुकाणू सुटतं. सुकाणू धरलं की पाणी चढतं.”

“मग जाऊ नकोस.”

“आणि खाऊ काय? तुझा रिपोर्ट?”

मग मिकेसने शेगडी पेटवून कॉफीचं भांडं वर ठेवलं. “घेशील? आता विकायची नाहीये ही.”

सकेलारिस बोटीत उतरला. चाकू जिथे आत गेला होता त्याच्या बरोबर वर बसून त्याने कॉफी गाळापर्यंत प्यायली.

पहाटे ‘सेवास्ती’ बंदराबाहेर पडली तेव्हा सुकाणू मिकेसच्या हातात होतं, आणि खाली, पंपाचा दांडा धरून, सकेलारिस बसला होता.