राखायला दिलेला बैल

दुसऱ्याचं घर राखायला जातो म्हटलं की लोकांना वाटतं, म्हाताऱ्याची चंगळ आहे. खरं म्हणजे घर राखणारा ना पाहुणा असतो ना घरचा. "आपलंच घर समजा" म्हणून मंडळी निघतात, आणि मागे पाहावं तर चांगल्या भांड्यांच्या कपाटाला कुलूप, सिलिंडर संपत आलेलं. डाळ-तांदूळ आपले आपण न्यायचे. नळ कधी येईल सांगता येत नाही, म्हणून घर सोडून हलायचं नाही. मंगरूळपीरला एका कुत्र्याने मालक गेल्यापासून भाकरीला तोंड लावलं नाही. मी उंबऱ्यावर त्याच्याशेजारी बसून जेवायला लागलो, तेव्हा कुठे तो जेवला. रिठदला एक पोपट मला रोज "कोन हाय?" विचारायचा. शेजारीपाजारीही तेच विचारायचे.

पैसे कोणी दिले नाहीत, मी मागितले नाहीत. मी एसटीत कंडक्टर होतो. किती गावांची नावं ओरडून घंटी वाजवली, पण उतरून मुक्काम कुठेच केला नाही. बायको गेल्यावर वाशिमला मुलाकडे हॉलमधल्या दिवाणावर राहू लागलो. तिथे टीव्ही बंद होईल तेव्हा माझी रात्र सुरू होते. म्हणून कोणी परगावी निघालं की मी थैली भरायचो. पंच्याहत्तरी ओलांडल्यावर तर तिकीटही लागेना. कोणाच्या तरी अंगणात स्वतःच्या हातचा चहा निवांत प्यावा, एवढंच मला हवं होतं. त्यापायी मी एक गोष्ट दाबून ठेवली.

शेलूबाजारच्या पुढे एका खेड्यात बायकोच्या चुलतभावाचं घर आहे. तो कुठे गेला की घर नेहमी लागूनचा शेजारी राखायचा. एका वर्षी शेजाऱ्याच्या घरात आजारपण होतं, आणि नेमकं मेव्हण्याच्या लेकीच्या बाळंतपणासाठी नवरा-बायको दोघांना पुण्याला जावं लागलं. म्हणून मला बोलावणं आलं. घरात एक कुत्रा आणि एक म्हातारा बैल. शेती ट्रॅक्टरवर गेली, पण हा बैल त्याने विकला नाही. गोठ्यात उभा असायचा आणि मेव्हणा येता-जाता त्याच्या कपाळावर हात ठेवायचा.

जाताना बजावून गेला, "भाऊजी, पोया यिऊन राह्यला. पुरण त्याच्या तोंडाले फक्त लावा. पचत नाही आता त्याले. रोजचा चारा द्या, कुटार."

पोळ्याच्या दिवशी मी बैलाला धुतलं, शिंगं रंगवली, पाठीवर झूल घातली. तोरण तुटून पोळा फुटल्यावर गावच्या रीतीप्रमाणे त्याला घेऊन दारोदार निघालो. दारादारात बाया पाय धुवायच्या, कुंकू लावायच्या, पुरणपोळी पुढे करायच्या. मला म्हणायच्या, "या मालक, या!" जन्मात मी कधी बैलाचा मालक नव्हतो. एकाही दाराला नको म्हणवलं नाही. प्रत्येक दाराने आपल्यापुरती एक पोळी दिली, आणि सगळ्यांच्या मिळून किती झाल्या हे ठाऊक असलेला माणूस एकटा मी होतो.

सकाळी बैलाचं पोट ढोलासारखं फुगलं होतं. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत तो गेला.

मी मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "त्याच्या वावरात गेला असन. काल-परवा फवारलं असन त्यानं, अन् सांगतलं नसन." म्हणजे शेजाऱ्याने. मी म्हणायला हवं होतं, नाही. मी म्हणालो, "काय माईत." एवढ्यावर सगळं ठरलं. परत आल्यावर मेव्हण्याने दोन घरांमधली वाट बोरीच्या काट्या टाकून बंद केली. आणि त्यानंतर घर राखायला दर वेळी मीच. पण त्या काट्यांसमोर बसून चहा गोड लागेना.

या वर्षी पोळ्याआधी पुन्हा फोन आला. निघायच्या सकाळी मेव्हण्याने किल्ली पुढे केली. मी हात मागेच ठेवले.

"आधी शेजारी चाल."

"कायले?"

"चाल म्हणतो ना."

काट्या ओलांडून गेलो. शेजारी ओट्यावर फवारणीचा पंप साफ करत होता. त्याची बायको म्हणाली, "काट्या टोचल्या नाहीत का पायाले?" कोणी बसा म्हटलं नाही. मी उभ्या उभ्या मेव्हण्याला सांगितलं, "तुह्या बैलाले याच्या फवाऱ्यानं काई झालं नाही. तू नको म्हनला तरी मी त्याले दारोदार पुरण चारलं. त्यानंच गेला. फोनवर तू याचं नाव घेतलं अन् मी गप रायलो."

"तवा काहून नाही बोलले, भाऊजी?"

"बोललो असतो तर तू पुन्हा घर देल्लं नसतं."

शेजाऱ्याने पंप खाली ठेवला. त्याची बायको म्हणाली, "वा रे कंडक्टर भाऊ! साऱ्या गावाले तिकीट देल्लं अन् आमाले भर रस्त्यात उतरवून देल्लं."

तिकडून मेव्हण्याची बायको जीप आल्याचं ओरडून सांगत होती. मेव्हणा हातातल्या किल्लीकडे बघत राहिला. "मंग आता घर कोन राखन?" हे त्याने कोणाला विचारलं कोण जाणे. माझ्याकडे बघून तरी नाही.

शेजाऱ्याने हात धोतराला पुसला आणि किल्लीसाठी पुढे केला. "कुत्र्याले सकायी भाकर देता का दूध?"

"भाकर. दुधात कुस्करून." मेव्हण्याने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

परतताना मेव्हण्याने काट्या पायाने बाजूला सारल्या. मी ओसरीवरची थैली उचलून फाट्याकडे चालू लागलो. मंगरूळपीरला आणि रिठदलाही ही हकीकत मी स्वतः जाऊन सांगणार आहे. पुढे बोलवायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. थोड्या वेळाने जीप मागून आली. मी हात केला नाही आणि तीही थांबली नाही.