काकांच्या खाचरातला राखणदार

"अप्लास्टिक ॲनिमिया," डॉक्टर म्हणाले. म्हणजे हाडांतला मगज रक्त तयार करायचं सोडून देतो.

हिरड्यांतून रक्त यायचं, दंडावर निळे डाग उठायचे. घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे आईला सगळा अभ्यासाचाच ताण वाटायचा.

"पाणी कुठलं पिता?" कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं.

बोअरचं. शेजारच्या खाचरात सख्ख्या काकांनी डंपर बोलावून कारखान्यांचा काळा गाळ टाकून घेतला होता. "फुकटचा भराव हाय," म्हणाले. त्याच सुमारास त्यांनी स्वतःच्या घरी नळ घेतला. का, ते आम्हाला सांगितलं नाही.

"त्यानंच झालं का?"

"असू शकतं. सिद्ध करता येणार नाही."

मग परक्यांचं रक्त, आणि सायक्लोस्पोरिन, म्हणजे शरीराचा स्वतःच्याच मगजावरचा हल्ला थांबवणारं औषध. प्लेटलेट्स, रक्त गोठवणाऱ्या पेशी, सावकाश वाढल्या. वॉर्डात पडल्या पडल्या मी एकच ठरवलं. घरं बांधायला ती जमीन काकांना विकू द्यायची नाही.

ठाण्याला प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात जाऊन तक्रार केली. तिथल्या साहेबांनी गाळावर प्लास्टिक आणि माती घालायला लावली, धोक्याचा पत्रा ठोकला.

"आता सुरक्षित आहे."

"किती वर्षं?"

"ताई, तोवर मी रिटायर झालेला असेन."

पावसाळ्यानंतर पत्रा दिसला नाही. काकांनी बिल्डर आणला.

आमच्या गावात शेंदूर लावलेला दगड कुणी हलवत नाही. तो जागेवाला, त्या जागेचा राखणदार. काकांच्या खाचरात बसवायला मी एक दगड उचलला तशी आई म्हणाली, "देवाच्या नावानं खोटं करतेस?"

"खोटं कसलं, आये? या जागेत खरंच कायतरी बसलंय."

मग तिनंच तेलात शेंदूर कालवला.

जेसीबीवाल्यानं दगड बघितला, मशीन बंद केलं, चपला काढून हात जोडले. दुसरा आणला, त्यानंही तेच केलं. बिल्डर परत आला नाही.

काका दारात आले. "यो दगर कोनी बसवला गो?"

"तुमीच, काका. मी निसता शेंदूर लावला."

बोअरचं पाणी पीत असाल तर तपासून घ्या. डाग दिसले तर थांबू नका. डॉक्टरांचे आणि रक्त देणाऱ्या अनोळखी माणसांचे उपकार मी विसरणार नाही. काकांचेही नाही.

गाळ किती वर्षं विखारी राहील, कुणी सांगत नाही. माझा रागही तेवढाच टिकावा, म्हणून भाचीला शेंदूर कालवायला शिकवलंय.