डाग पुसलेला भास्कर

नांदेडच्या चौकात काल जो फ्लेक्स लागला, त्यावरचा माणूस भास्कर नाही.

नाव त्याचंच आहे. मिशीही त्याचीच. वर पुढाऱ्यांची रांग, नेहमीप्रमाणे मेलेल्या माणसापेक्षा मोठ्या तोंडांची.

पण टाय?

भास्करनं जन्मात टाय बांधला नाही. कुणाच्या तरी सुटावर त्याचं मुंडकं आणून चिकटवलंय.

आणि चेहऱ्यावरचं कोड गायब. डोळ्याभोवतीचा डाग नाही, ओठावरचा नाही, गळ्यावरचा नाही. सगळं तोंड एकसारखं गोरंगोमटं.

किळस आली. दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

जे त्याला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. भास्कर मूळचा उमरीचा. नांदेडला त्याचा फोटो स्टुडिओ. पोटासाठी लग्नाचे फोटो काढायचा, जिवासाठी चित्रं, आणि नाटक म्हटलं की शटर ओढून लातूरला हजर. आमची दोस्ती तिथलीच, कॉलेजच्या तालमीतली.

गोरा फोटो मागायला कुणी आलं की म्हणायचा, "गोरं करायचं दुकान पुढच्या गल्लीत हाय. हितं जसं हाय तसंच मिळंल."

तिशीनंतर त्याला कोड फुटलं. आधी बोटांवर, मग तोंडावर.

लग्नाच्या ऑर्डरी तुटल्या. औशाचे एक गृहस्थ तर म्हणाले होते की फोटो तुम्हीच काढा, तुमचा हात चांगला आहे, फक्त मांडवात येऊ नका.

हा म्हणाला, "बरं. नवरीला बसस्टँडवर पाठवा, तिथं काढतो."

आम्ही हसलो होतो. तो पण हसला. घरी गेल्यावर काय झालं असेल ते त्याचं त्याला माहीत.

मग मुंबईहून सिरियलचा फोन आला. रोल कशाचा, तर करणी करणाऱ्या मांत्रिकाचा. मेकअपमन खूश झाला म्हणे, अर्धं काम देवानंच करून पाठवलंय. तेवढी एक सिरियल करून हा परत आला. तसले रोल नंतरही आले, यानं घेतले नाहीत.

लातूरच्या नाटकात मात्र राजा झाला होता. मेकअपवाला डाग झाकायला स्पंज घेऊन आला, तर यानं त्याचा हात धरला.

"का? राजाला कोड होत न्हाई व्हय?"

तसाच स्टेजवर गेला. पहिली पाच मिनिटं लोक डाग बघत होते. नंतर राजा बघायला लागले. हे मी विंगेतून पाहिलंय.

डाग पसरत गेले तसे तो स्वतःचे फोटो काढत गेला. मोठे प्रिंट काढायचे आणि प्रत्येक डागाच्या कडेनं ब्रशनं रंग फिरवायचा. त्या सगळ्या कामाला नाव दिलं होतं, 'काम चालू आहे'.

प्रदर्शनासाठी लातूरला एक हॉल मागितला. तिथल्या साहेबांनी चाळून बघितले आणि म्हणाले, लहान लेकरं येतात इथं, असलं बघवत नाही.

यानं ते फोटो निलंग्याच्या आठवडी बाजारात दोरीला चिमट्यांनी लटकवले. वांग्याच्या ढिगाशेजारी. लोक थांबून बघायचे, कुणी थुंकून पुढं जायचं.

एक बाई मात्र बराच वेळ उभी राहिली. मग तोंडावरचा पदर बाजूला करून म्हणाली, "माझा बी काढा की."

तिचा फोटो त्यानं स्टुडिओच्या काचेत लावला, तिला विचारून. शेवटपर्यंत तिथंच होता.

मागच्या आठवड्यात हार्ट अटॅकनं तो गेला.

आज त्याच चौकाजवळ श्रद्धांजली सभा झाली. लातूरचा हॉल नाकारणारे तेच साहेब माईकवर होते. "मराठवाड्याच्या मातीतला सच्चा कलावंत" म्हणाले. मागं तोच गोरा फोटो, त्याला हार. टाळ्या पण पडल्या. श्रद्धांजलीला टाळ्या!

मला बसवेना. बाहेर येऊन फ्लेक्सवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, घरच्यांनीच सांगितलं, डाग काढा.

भास्करचे थोरले भाऊ माधवदादा दारातच उभे होते. त्यांना विचारलं.

"सर, समजून घ्या," दादा म्हणाले. "वैष्णवीची सोयरीक जमून राहिली. पाव्हणे याच चौकातून येणार. घराण्यात कोड हाय म्हणलं की बोलणी मोडतात."

आणि रडायला लागले. भाऊ गेल्याचं दुःख खरं होतं, त्यात शंका नाही. पण त्याच भावाचं तोंड त्यांनी पुसून टाकलं होतं.

वैष्णवी, त्यांची मुलगी, मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. चुलत्याच्या स्टुडिओतच ती कॅमेरा शिकली.

संध्याकाळी तिचा व्हॉट्सॲप आला. एक फोटो. भास्कर स्टुडिओच्या पायरीवर बसलाय, हातात चहा, तोंडावर ऊन, सगळे डाग जागच्या जागी, आणि खदाखदा हसतोय.

मी फोन केला.

"काका, हा टाका फेसबुकला," ती म्हणाली. "मी काढलेला हाय. खाली माझं नाव लिहा, त्यांची पुतणी म्हणून."

मी म्हणालो, बाई गं, पाव्हण्यांनी बघितला तर?

"त्यायला मीच पाठवला आधी. हे माझे चुलते हायत म्हणून लिहिलं."

काय म्हणाले?

"अजून काईच न्हाई. बघून राहिलेत."

बघू देत.

ज्यांनी तो फ्लेक्स शेअर केलाय त्यांनी तो काढा. हार घालायचा तर या चेहऱ्याला घाला, नाहीतर घालूच नका.

फोटो: वैष्णवी, भास्करची पुतणी.

ये बाबा, भास्कर. जसा होतास तसाच जा.