धनुष्यावरची लाल रेघ

साहेबांनी दोरी अर्धी ओढली होती. मी एवढ्या जोरात ओरडलो की लेथवरची माणसं माना वळवून बघू लागली.

"साहेब, थांबा! सोडू नका. दोरी हळूहळू पुढे येऊ द्या."

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी टूलरूमचा इंजिनिअर होतो. पन्नास सालानंतरचे ते दिवस. आमचे वर्क्स मॅनेजर सबनीस साहेब तिरंदाजीचे वेडे. विलायतेहून लाकडी पट्ट्या चिकटवून केलेलं धनुष्य घेऊन आले होते. जवळच्या खरवई गावच्या भातात रानडुक्कर शिरत होतं आणि साहेबांनी ते बाणाने मारायचं कबूल केलं होतं. तयारी अर्थातच माझ्या गळ्यात.

डुकराची कातडी जाड, म्हणून बाण जड हवा आणि टोक वस्तऱ्यासारखं. ते आम्ही हॅकसॉ ब्लेड, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं, ग्राइंड करून बनवलं. अवघड होतं बाणाची काडी निवडणं. सुटताना बाण वळवळतो, काडी मऊ असली तर फारच. मी चौकटीवर वर्तमानपत्र ताणलं आणि साहेबांना त्यातून बाण मारायला लावले. भोक गोल पडलं तर ठीक, कागद आडवा फाटला तर काडी बदला. त्या आठवड्यात साहेबांनी पेपर वाचला कमी, फाडला जास्त.

मग खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेत धनुष्यही मांडलं. तेल, हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं यथासांग.

दसरा झाल्यावर साहेबांनी ते पुसलं, दोरी चढवली आणि बाण लावून ओढायला लागले. तेव्हा मला मुठीच्या वर एक बारीक लाल रेघ दिसली आणि मी ओरडलो.

"अहो, कुंकू राहिलंय थोडं," साहेब हसले. "शुभच आहे की."

"साहेब, कुंकू चिरेत शिरलंय."

पोलादातली चीर शोधायला आम्ही तेल लावून पुसायचो आणि वर खडूची पूड टाकायचो. चिरेतलं तेल खडूवर उमटतं. इथे ते काम कुंकवाने केलं होतं.

मी मोरिवलीच्या भोईर फोरमनला बोलावलं. पूजा त्यानेच मांडली होती.

"भोईर, पूजेला याला दोरी लावली होती?"

"व्हय सायेब. बिनदोरीचं धनुष्य द्येवापुढं कसं मांडायचं? ज्या बाजूला वाकलं व्हतं त्याच बाजूला बांधली. चौघं लागलो, जाम जोर काढला. पूजा झाल्यावर सोडली."

दोरी काढली की असलं धनुष्य पुढच्या बाजूला वळतं. दोरी चढवायची ती त्या वळणाच्या विरुद्ध. या चौघांनी ते उलटंच दुमडलं होतं!

साहेबांना पटेना. "एवढ्या रेघेसाठी खरवईला नाही म्हणू?"

"मग ओढू या. पण तुमच्या हातात नको."

मूठ बेंचवरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळली, दोरीला दोरखंड बांधला आणि लांबून ओढला. बाणाच्या पूर्ण लांबीपर्यंत दोरी आलीच नाही. बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. वरचा तुकडा मागे उडाला आणि हत्यारांच्या कपाटाच्या फळीत घुसला. साहेब कपाटाशी गेले, त्याच्यासमोर उभे राहिले. तुकडा बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर रुतला होता.

"आरं द्येवा," भोईर म्हणाला. कोणीच कोणाला रागावलं नाही, तेवढं भानच नव्हतं.

डुक्कर पुढे एका बंदूकवाल्याने मारलं. साहेबांनी तिरंदाजी सोडली. मी मात्र निवृत्त होईपर्यंत खंडेनवमीनंतर प्रत्येक मशीन स्वतः पुसलं. ज्या मशीनवरचं कुंकू पुसून निघालं नाही, ते त्या दिवशी सुरू होऊ दिलं नाही.