पाठीमागे बांधलेले हात

अण्णा शिकवायला उभे राहिले की दोन्ही हात पाठीमागे घेत आणि एका हाताने दुसऱ्याचे मनगट घट्ट धरून ठेवत. समोरचा माणूस नट उलटा फिरवत असो, पाना चुकीच्या मापाचा घेत असो, ते मनगट सुटत नसे. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात उभे आयुष्य पंप जोडण्यात गेलेले ते हात. डोळ्यांसमोर चूक घडताना त्यांना किती शिवशिवत असेल, याची कल्पना मला फार उशिरा आली. "माझा हात पुढं आला की त्याचा हात मागं जातो, वकीलसाहेब," ते म्हणत. "आणि एकदा मागं गेलेला हात परत पुढं येत नाही."

ते बंगळुरूतल्या राजाजीनगरचे. चार पिढ्या इथेच गेलेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नडमधले 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे शब्द घरच्यासारखे वावरत. मी साताऱ्याचा, नोकरीने बंगळुरूत आलेला आणि इथेच राहिलेला. अभियांत्रिकी सल्ला देणाऱ्या एका कंपनीत मी विधी सल्लागार होतो. नव्याने स्वतंत्र झालेल्या एका लहानशा बेटावरच्या देशाला एका आंतरराष्ट्रीय संस्थेने पाणीपुरवठ्यासाठी कर्ज दिले. कर्जासोबत 'तांत्रिक साहाय्य' म्हणून जाणकार पाठवण्याचे कंत्राट आमच्या कंपनीला मिळाले आणि नुकतेच निवृत्त झालेले अण्णा तज्ज्ञ म्हणून निवडले गेले. कराराचा मसुदा मी केला. हे वाक्य मी मुद्दाम स्वतंत्र लिहितो आहे.

त्या मसुद्यातल्या एका कलमाचा मला विशेष अभिमान होता. ठरलेले तास नोंदवहीत भरले आणि पुस्तिका हवाली केल्या की प्रशिक्षण पूर्ण झाले असे समजावे, असे ते कलम. संदिग्धतेला मी कुठे फट ठेवली नव्हती. अण्णांनी ते दोनदा वाचले.

"सरी. पण त्याला पंप येतो का, हे कुठं लिहिलंय?"

"ते मोजता येत नाही, अण्णा."

"मला येतं की."

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

जुने राज्यकर्ते गेले तेव्हा पंपघर चालवणारी माणसेही त्यांच्याबरोबर गेली होती. मागे राहिल्या होत्या त्या फक्त किल्ल्या. साऱ्या गावाचे पाणी दोन पंपांवर. ते टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवणार आणि टाकीतून ते घरोघर उतरणार. शिकायला चौदा जण निवडले होते. अण्णांना त्यांच्या भाषेतले जेमतेम चाळीस शब्द येत. उरलेले काम ते 'स्वल्प, स्वल्प' म्हणून भागवीत. पहिला धडा असे थेंबाचा. पंपाचा फिरता दांडा जिथे बाहेर येतो, तिथे दोरीसारखे पॅकिंग भरून ते नटांनी आवळतात. नवशिका ते पुरते आवळतो, कारण गळणे ही त्याला चूक वाटते. पण तिथून सावकाश थेंब गळत राहायलाच हवा. तो थांबला की दांडा कोरडा फिरतो, तापतो, जळतो.

कर्ज देणाऱ्या संस्थेचे साहेब पाहणीला आले, त्यांनी तो थेंब पाहिला आणि वहीत 'गळती' असे लिहिले. अण्णा म्हणाले, "साहेब, तोंडात लाळ आहे म्हणून जीभ चालते. ही पंपाची लाळ आहे." साहेबांनी खोडले काहीच नाही. तोच शेरा पुढे टंकलिखित होऊन पंपघराच्या भिंतीवर लागला.

मुदत संपत आली तेव्हा पूर्णत्वाच्या दाखल्यावर अण्णांची सही हवी होती. अण्णांनी त्यावर लिहिले: 'तिघांना येते. अकरा जणांना अजून येत नाही.' साहेबांनी त्यांना नोंदवही दाखवली; तास भरले होते. अण्णांनी सही केली नाही. तिथून त्यांनी मला फोन केला. "वकीलसाहेब, मला स्वल्प वेळ मिळवून द्या. तुमच्या कायद्यातून काही निघतं का बघा."

मी अकरा पानांचे पत्र लिहिले. माणशी एक पान. आयुष्यात मी असंख्य पत्रे लिहिली आहेत. महापालिकेला, वीज मंडळाला, आता व्हाइटफील्डमधल्या आमच्या सोसायटीच्या त्या बेदरकार कार्यकारिणीला. पण त्या पत्राइतका संताप मी कुठेच ओतला नव्हता. उत्तर दोन ओळींचे आले. त्यात माझ्याच कलमाचा क्रमांक होता. माझा युक्तिवाद माझ्याच वाक्याने, स्वल्पविरामासकट, फेटाळला गेला होता. अण्णांना परत बोलावण्यात आले. त्यांच्या जागी गेलेल्या तज्ज्ञाने दुसऱ्या दिवशी सही केली.

 

काही महिन्यांनी अण्णांना मारियाचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्या घरीच होतो. ती त्या अकरांपैकी एक. अण्णा ज्यांना 'येते' म्हणाले होते, त्या तिघांना बंदरावर नोकऱ्या मिळाल्या होत्या आणि पंपघर आता उरलेल्यांच्या हाती होते. भिंतीवरचा शेरा वाचून त्यांनी इमानेइतबारे गळती बंद केली होती. नट शेवटच्या वेढ्यापर्यंत आवळले. एक पंप जळाला. बायका टेकडीखालच्या झऱ्यावरून डोक्यावर पाणी आणू लागल्या होत्या आणि आता साऱ्यांचे डोळे दुसऱ्या पंपाकडे होते. तोही असाच गेला की गाव कोरडे.

अण्णांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "तुमचं कलमही तसंच झालं, वकीलसाहेब. फार आवळलंत. एक थेंब गळायला जागा ठेवली नाहीत."

 

त्या रविवारपासून राजाजीनगरच्या त्या घरात शाळा सुरू झाली. सकाळी दहाला अण्णा मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उभा करत. तिकडे दुपार असे. पडद्यावर पंपघर, मारिया, आणि ज्याची पाळी असेल तो. अण्णा मोबाइलसमोर ताठ उभे, हात पाठीमागे. मी मेट्रोने जाऊन कोपऱ्यात बसत असे. एकदा न राहवून मी म्हणालो, "अहो अण्णा, मध्ये समुद्र आहे. तुमचे हात तिथे पोचणार कसे?"

"हात सोडले तर जिभेला हात फुटतील," ते म्हणाले. "मग मी सांगत सुटेन."

एका जुन्या वहीत अकरा नावे होती. ज्याला काम जमले त्याच्या नावापुढे ते 'येतं' लिहीत. माझी पत्रे चालूच होती. संस्थेला, तिथल्या मंत्रालयाला, आमच्या जुन्या कंपनीला. "लिहा, लिहा," अण्णा म्हणत. "उत्तर येईपर्यंत आपण आणखी एक नाव करू." दोन वर्षांत दहा नावे झाली. उत्तर एकही आले नाही. आता लिहायला बसले की पहिल्या परिच्छेदातच थकवा येतो. तेव्हा यायचा तो फक्त राग.

शेवटचे नाव आगुस्तोचे. चांगला धिप्पाड गडी. नट दिसला की आवळल्याशिवाय त्याला राहवत नसे. अण्णांनी त्याला सात वेळा नापास केले. "ताकद आहे, भीती नाही. तो थेंबाला भ्यायला हवा," ते म्हणायचे. आठव्या परीक्षेच्या आधीच्या बुधवारी अण्णा गेले. झोपेतच गेले.

रविवारी मी भेटायला गेलो. त्यांची सून आणि मी समोरासमोर बसलो होतो.  दहा वाजता अण्णांचा मोबाइल वाजला. सून म्हणाली, "काका, मी त्यांना कळवलं होतं. तरी फोन आलाय." मी तो घेतला आणि पुस्तकांच्या थप्पीला टेकवला.

मारियाने डोके लववले. मग बाजूला झाली. पंप सुरू होता आणि आगुस्तो पाना घेऊन खाली वाकला होता. त्याने नट अर्धा वेढा फिरवला. थांबला. पुन्हा आवळायला त्याचे मनगट वळले तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघणार होता. तेवढ्यात पडद्याच्या कडेला मला मारिया दिसली. ताठ उभी, दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचे मनगट धरलेले. हळूच म्हणाली, "स्वल्प. स्वल्प."

आगुस्तोने पाना उलट फिरवला, केसभर. एक थेंब जमला, लोंबला, पडला. मग सावकाश दुसरा.

सुनेने अण्णांची वही माझ्यासमोर आणून ठेवली. मी पूर्णत्वाच्या दाखल्यांचे मसुदे जन्मभर केले. सही करण्याचा अधिकार कोणाला, हे कधी विसरलो नाही. इथे तो मला कोणत्याही कलमाखाली नव्हता. मी पेन उघडले आणि शेवटच्या नावापुढे लिहिले: येतं.