विहिणीबरोबर एकवीस फेरे

१९५६ सालच्या जूनची तीन तारीख. आकुर्डीच्या घरी मागच्या दारी मी लेकीच्या लग्नातला बुंदीच्या लाडवांचा शेवटचा डबा राखेनं घासत होते. तो रिकामाही मीच केला होता. वऱ्हाड गेल्यापासून सकाळी दोन, दुपारी दोन आणि आल्यागेल्याला देताना त्याच्या सोबतीला एक, असा हिशेब चालला होता. त्याआधी महिनाभर केळवणं. त्याच्याही आधी चैत्रातल्या गावोगावच्या जत्रा. आज या पाव्हण्याकडं पुरणपोळी, उद्या त्या पाव्हण्याकडं मटण. नको म्हटलं की पाव्हणे रुसतात. मी एकालाही रुसू दिलं नाही. त्या दिवशी डबा घासायला उकिडवी बसले, तर पोट मांड्यांवर टेकलं आणि चोळीची गाठ सुटली.

नुसत्या चोळीचं असतं तर मी सैल चोळी शिवून मोकळी झाले असते. पण यात लेकीचं माहेरपण अडकलं होतं.

आमच्याकडं लग्नात दोन्ही विहिणींना मांडवात फुगडी घालायला लावतात. माझी विहीण दिघीची. अंगानं माझ्याहून भक्कम, पण रोज शेतात राबणारी. पाचव्या फेऱ्याला मला धाप लागली आणि मी मांडवातच बसकण मारली. वऱ्हाडातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. विहीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अवो विहीनबाई, पाचातच बसलात? पंचमीला लेकीला न्यायला याल, तवा माझ्यासंगं एकवीस घाला. घातलंत तर गौरीपतुर ठेवून घ्या तिला. न्हाई तर तीन रातीत माघारी."

चारचौघांत बोललेला शब्द. नागपंचमी ते गौरी म्हणजे जवळजवळ महिना. लेक एकुलती, सासरचं पहिलंच वर्ष. तीन रात्रींत तिची झोपसुद्धा पुरी झाली नसती.

डबा पालथा घातला आणि दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. लग्नघाईत दळण गिरणीत धाडायची सवय लागली होती, ती मोडली. पहाटे जात्यावर बसले. दोन वेळा भाकरी-कालवण, मधे ताक. गोड घरात आणू दिलं नाही. मळ्यात बैलगाडीनं जात होते, ती पायी जाऊ लागले. पहिला आठवडा फार वाईट गेला. जावेच्या माहेराहून बारशाची जिलबी आली, तेव्हा मी उठून गोठा झाडायला गेले. गोठा मी सकाळीच झाडला होता.

आषाढात चोळीची गाठ बसायला लागली, पण फुगडीला नुसती कंबर पुरत नाही. सराव हवा आणि सरावाला जोडीदार हवा. जावेला धरलं. ती काडीसारखी; दुसऱ्याच फेऱ्याला हात सुटून कणगीवर जाऊन आदळली. पुन्हा काही तिनं हात दिला नाही. विहिणीच्या वजनाचं माणूस घरात एकच होतं, आमचे मालक.

मालक पिंपरीला नव्या कारखान्याच्या दारावर पहारेकरी होते. मोठ्या मिशा, खाकी कपडे, आवाज असा की सायकलवाले आपोआप उतरायचे. त्यांना सांगितलं तर आधी त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग म्हणाले, "कारखान्यात कळलं तर उद्या दारावर नाचायला लावतील मला."

मी म्हटलं, "नका घालू. चौथ्या दिवशी लेकीला पोचवायला मात्र तुमीच जा."

मालकांनी टोपी खुंटीला अडकवली, गोठ्यात गेले आणि आतून म्हणाले, "दार लावून घे."

तेव्हापासून ड्युटीवरून आले की रोज फुगडी. सुरुवातीला ते माझ्या बोटांवर पाय द्यायचे. मग मागं असे रेलायचे, की मी जमिनीवरून उचलली जायचे. बैलांनी रवंथ थांबवून आमच्याकडं बघावं, असा तो प्रकार. पण त्यातूनच एक गोष्ट कळली. जोडीदार जड असला तर आपले पाय त्याच्या पायांना अगदी चिकटून ठेवायचे, कोपरं ताठ धरायची आणि त्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. मालक फेरे मोठ्यानं मोजायचे, अगदी दारावरच्या आवाजात. एकदा जाऊ गोवऱ्या न्यायला आली, दार उघडून बघितलं आणि तसंच लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत आळीतले बापये त्यांना विचारू लागले, फुगडी कितीवर आली राव? मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "अठरा." दुसऱ्या दिवशी वेळेवर गोठ्यात हजर.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी गाडी जुंपून दिघीला गेले. एरवी सासरहून आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो. माझ्या लेकीला भाऊ नाही. विहिणीच्या अंगणात बायका आधीच जमल्या होत्या. चहा झाला, पदर खोचले, हात धरले. मोजायला सगळ्या त्यांच्याच. सतरावा फेरा त्यांनी तीनदा मोजला. मी माझा आकडा मनात धरून होते. बाराव्यालाच विहीणबाईंचा श्वास मोठा झाला होता. आता त्या म्हणाल्या, "विहीनबाई, थांबा जरा."

"हात सोडला तर दोगी पडू," मी म्हटलं आणि फिरत राहिले.

माझ्या मोजणीनं तेवीस झाले, त्यांच्या मोजणीनं एकवीस. विहीणबाई ओट्यावर टेकल्या, तांब्याभर पाणी प्याल्या, तोंड पुसलं. लेक दाराआड उभी होती.

"सराव कुनासंगं केलात?" त्यांनी विचारलं.

"घरातल्या मानसासंगं."

जाऊ काडीसारखी, हे त्यांनी लग्नात बघितलं होतं. त्यांनी घरातली माणसं मनात मोजली असावीत, कारण एकाएकी त्या हसायला लागल्या, इतक्या की ठसका लागला. ठसका गेल्यावर दाराकडं वळून म्हणाल्या, "जा गं, लुगडी बांध. गौरीपतुर. आन् तुज्या बापाला म्हनावं, पुढल्या साली त्यांनीच यावं."

संध्याकाळी आम्ही घरी आलो.

सकाळी माझे हात खांद्याच्या वर जाईनात. लेक सासरच्या सवयीनं पहाटेच उठून बसली होती. तिच्या हातात फणी दिली, तिच्याकडं पाठ करून बसले आणि केस विंचरून घेतले. बुचडा तिनं फार घट्ट बांधला. मी तो सोडला नाही.