पहिला कागद आणि नडुवर नागोजीराव

नागोजीरावांनी चेन्नईत एग्मोरच्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं फायली सांभाळल्या आणि एकदाही कशावर मत दिलं नाही. फाइल आली की वळणदार अक्षरात ‘वरिष्ठांच्या विचारार्थ’ लिहायचं आणि डबा उघडायचा. घरीही तीच पद्धत. सांबारात मीठ जास्त झालंय का, हे ते बायकोच्या, कनकाबाईंच्या, चेहऱ्याकडे बघून ठरवत. असल्या माणसाला मैलापूरच्या त्यांच्या सोसायटीनं पोंगलच्या पट्टिमंड्रममध्ये नडुवर केलं.

पट्टिमंड्रम म्हणजे तमिळ चवीची वादसभा. दोन बाजू कडाडून भांडतात, मधे नडुवर, म्हणजे पंच, बसतो आणि शेवटी त्याला एका बाजूनं निकाल द्यावाच लागतो. ‘दोघांचंही बरोबर’ म्हणून सटकायची सोय नाही.

विषय होता, ‘विश्वाला कर्ता लागतो का?’ लागतो म्हणणाऱ्या कनकाबाई. लागत नाही म्हणणारे रघुराम, फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक आणि नागोजीरावांचे होणारे व्याही. त्यांची लावण्या आणि यांचा मुरली यांचं लग्न ठरलं होतं, पण कनकाबाईंना होम हवा होता आणि रघुरामांना रजिस्टर. महिनाभर अडून बसल्यावर दोघांनीच तोड काढली: नडुवर ज्या बाजूनं निकाल देईल, तसं लग्न. मुलांनी लगेच मान डोलावली. त्यांना कशीही एक तारीख हवी होती. नडुवरांना कुणी विचारलंच नाही.

पार्किंगमध्ये स्टेज घातलं होतं. नागोजीराव अंगानं भरलेले, खुर्ची प्लॅस्टिकची, हातांची. बसले ते रुतलेच. भांडण तमिळमध्ये चाललं होतं; टोमणे मात्र घरच्या मराठीत.

“डोसा आपोआप होतो का हो? पीठ कुणी वाटलं? तवा कुणी तापवला?” कनकाबाईंनी वादाला तोंड फोडलं.

“आणि डोसा करणारीला कुणी केलं, विहीणबाई?”

“माझ्या आईनं!”

“आणि त्यांना?”

असं करत करत दोघं कनकाबाईंच्या खापरपणजीला गाठून थेट तंजावरला पोचले.

“अय्यो, कुठेतरी थांबायला हवं की नको?”

“हवं ना! मग विश्वापाशीच थांबा. एक पायरी वाचेल.”

टाळ्या पडल्या. मग सगळ्या माना नागोजीरावांकडे वळल्या. पळायचं म्हटलं तर खुर्ची सोडत नव्हती.

“आमच्याकडे एक फाइल होती,” त्यांनी घसा साफ केला. “तिला पहिला कागदच नव्हता. कुणी सुरू केली, कशासाठी, पत्ता नाही. तरी वीस वर्षं काम छान चाललं. तपासणी आली तेव्हा सगळे घाबरले. मग मागली तारीख घालून पहिला कागद मी लिहिला. सगळ्यांना बरं वाटलं. मलासुद्धा.”

“वा!” रघुराम ओरडले.

“वा काय? लिहिणारा होताच की!” कनकाबाई.

“होता,” नागोजीराव म्हणाले, “पण मागाहून.” आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मत दिलं. “विश्वाला कर्ता लागतो, असं मला वाटत नाही. मला लागतो. पण विषय माझा नव्हता.”

ते उठले, तेव्हा खुर्चीही बरोबर उठली.

कनकाबाई तिसऱ्या मजल्यापर्यंत दोन दोन पायऱ्या एकदम चढल्या. कुलूप उघडताना म्हणाल्या, “शब्द म्हणजे शब्द. रजिस्टर तर रजिस्टर. फक्त राहुकाळ तेवढा टाळा.”

पाठोपाठ रघुरामांचा फोन. “नागोजीराव, पंचांग काढायचं नाही हं! मिळेल ती पहिली वेळ घ्यायची.”

सोमवारी नागोजीराव नोंदणीच्या खिडकीशी उभे होते.

“शुक्रवारी अकरा,” आतली मुलगी म्हणाली.

शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ, हे चेन्नईत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. “साडेबारा नाही का जमणार, अम्मा?”

“नाही सर. ही सोडलीत तर दीड महिन्यानं. अकराला काय अडचण आहे?”

मागे रांग खोळंबली होती. खिशातला फोन वाजत होता आणि कुणाचा आहे, हे बघायची हिंमत नव्हती. नागोजीरावांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. ‘वरिष्ठांच्या विचारार्थ’ लिहायला त्यात कुठेच जागा नव्हती.

शेवटी त्यांनी ‘अकरा’ लिहिलं. लिहिताना त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात हात जोडले असावेत, कारण चौतीस वर्षांत पहिल्यांदाच अक्षर वाकडं आलं.